शिक्का कोणाच्या मालकीचा?

सावनेरच्या तहसील कचेरीत शिधापत्रिकेच्या कामासाठी येणाऱ्या माणसांची कोणी फारशी वास्तपुस्त करीत नाही. कोळशाच्या खाणीतला कामगार असतो, संत्र्याच्या बागेत तोडणीला जाणारी बाई असते, खाप्याकडून किंवा केळवदकडून एस.टी.ने आलेला एखादा वृद्ध असतो. प्रत्येकाच्या हातात कागदांची पिशवी आणि मनात एकच चिंता : साहेब जागेवर आहेत की नाहीत. ह्या रांगेत उद्या दोन स्त्रिया उभ्या राहिल्या आणि त्यांनी सांगितले की, आम्ही आठ वर्षे एका घरात राहतो, एका चुलीवर जेवतो, आमची नावे एका पत्रिकेवर लावून द्या. आम्ही बहिणी नाही, नणंद-भावजय नाही, एकमेकींच्या जोडीदार आहोत, तर समोरचा कारकून काय करील? तो क्षणभर मान वर करील, शेजारच्या टेबलाकडे पाहील, कदाचित ओठ दाबून हसेल, आणि मग बहुधा म्हणेल, "असं नाही होत बाई."

हे उत्तर काही वर्षांपूर्वी बरोबर ठरले असते. आज ते चूक आहे. समलिंगी विवाहाच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी निकाल दिला. विवाह हा राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही, आणि १९५४ च्या विशेष विवाह कायद्यातील शब्दांचा अर्थ ताणून समलिंगी जोडप्यांना त्यात बसविता येणार नाही, यावर पाचही न्यायमूर्तींचे एकमत झाले. सहजीवनाला विवाहाखेरीज अन्य काही कायदेशीर मान्यता द्यावी काय, यावर मात्र तीन विरुद्ध दोन अशी फूट पडली. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती संजय किशन कौल अल्पमतात राहिले. ९ जानेवारी २०२५ रोजी पुनर्विचाराच्या याचिकाही फेटाळण्यात आल्या. विवाहाचा दरवाजा अशा रीतीने आता संसदेच्या बाजूनेच उघडू शकतो.

परंतु त्याच निकालाच्या अनुषंगाने, न्यायालयापुढे दिलेल्या आश्वासनानुसार, केंद्र सरकारने एप्रिल २०२४ मध्ये मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली, आणि १ सप्टेंबर २०२४ रोजी काही निर्णय जाहीर झाले. समलिंगी जोडीदारांना शिधापत्रिकेच्या प्रयोजनासाठी एकाच कुटुंबातील समजावे, असे अन्न विभागाने राज्यांना कळविले. अशा व्यक्तींना संयुक्त खाते उघडण्यास किंवा जोडीदाराचे नाव नामनिर्देशनात घालण्यास कोणतीही आडकाठी नाही, असे वित्त विभागाने बँकांना सांगितले. जवळचे नातलग उपलब्ध नसतील तर जोडीदारास मृतदेह ताब्यात घेता यावा, असे आरोग्य मंत्रालयाने लिहिले. धान्य, पैसा आणि प्रेत : संसाराच्या तीन सर्वांत रोखठोक बाबी. लग्न नाही; पण लग्नानंतर माणसाला कचेरीत ज्या कामांसाठी जावे लागते त्यांतली तीन कामे.

याचा परिणाम असा झाला की एकाच जोडप्याच्या बाबतीत शासनाच्या एका टेबलावर "नाही" हे कायदेशीर उत्तर आहे आणि दुसऱ्या टेबलावर "नाही" हे बेकायदेशीर उत्तर आहे. नागपूरच्या विवाह अधिकाऱ्याकडे दोन पुरुषांनी नोटीस दिली तर त्याने ती नाकारणे हे त्याचे कर्तव्य होय. कारण १९५४ च्या कायद्याचे चौथे कलम वराचे वय एकवीस आणि वधूचे अठरा सांगते, दोन वरांची सोय तेथे नाही. सावनेरच्या पुरवठा शाखेने त्याच दोघांना शिधापत्रिका नाकारली तर ते कर्तव्यात कसूर होय. दोन्ही नकार कानाला सारखेच ऐकू येतात. नकार देणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा भावही कदाचित तोच असेल. खरी अडचण येथेच आहे; कारण "कायदा देत नाही" आणि "मला रुचत नाही" ही दोन वाक्ये आपल्या कचेऱ्यांतून इतकी एकमेकांत मुरलेली आहेत की बोलणाऱ्यालाही पुष्कळदा आपण कोणते बोललो हे सांगता येऊ नये.

शासकीय नोकराला श्रद्धा असू नये असे कोणी म्हणणार नाही. तो सकाळी पूजा करून, नमाज पढून किंवा वंदना म्हणून कचेरीत येतो, आणि राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने दिलेले सद्सद्विवेकाचे स्वातंत्र्य फाटकाशी काढून ठेवण्याची सक्ती त्याच्यावर नाही. समलिंगी सहजीवन त्याला अनुचित वाटत असेल, तर तसे वाटण्याचा त्याला हक्क आहे. आपल्या समाजातील बहुसंख्यांना तसे वाटते, हे नाकारून चर्चा करण्यात अर्थ नाही. नोकराच्या मतावर मालकाने हात टाकला म्हणजे काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्रातील शिक्षकवर्गाला तरी विसरता येणार नाही. रघुनाथ धोंडो कर्वे हे मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. संततिनियमनाचा प्रचार सोडा किंवा नोकरी सोडा, असा पेच त्यांच्यापुढे आला आणि १९२५ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. गणित शिकविण्यात त्यांनी कुचराई केली, असा आरोप कोणी केला नव्हता. पुढे त्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकातील प्रश्नोत्तरांवरून, ज्यांत समलिंगी संबंधांविषयीचा मजकूरही होता, १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बाजूने उभे राहिलेले वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला. परंतु मत वेगळे आणि काम वेगळे हा जो भेद कर्व्यांच्या मालकांना करता आला नाही, तोच भेद आज कर्व्यांशी सर्वस्वी असहमत असलेल्या कारकुनालाही संरक्षण देतो. त्याने मनात काय मानावे हे शासन विचारू शकत नाही. शासन इतकेच विचारू शकते की अर्ज निकाली निघाला काय.

मत कामात कसे शिरते, हा प्रश्न याहून अवघड आहे. अमेरिकेच्या केंटकी राज्यात २०१५ साली किम डेव्हिस नावाच्या एका निर्वाचित कौंटी क्लार्कने विवाह परवाने देणेच बंद केले. २६ जून २०१५ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहास देशभर मान्यता दिली होती, आणि आपल्या धर्मश्रद्धेप्रमाणे अशा परवान्यावर आपले नाव असणे पाप आहे, असे ह्या बाईंचे म्हणणे होते. न्यायालयाचा आदेश त्यांनी मानला नाही; सप्टेंबरमध्ये पाच दिवस त्यांना तुरुंगात राहावे लागले; त्या आत असताना त्यांच्याच हाताखालच्या लोकांनी परवाने दिले. पुढच्या वर्षी राज्याने नमुन्यातून क्लार्कचे नावच काढून टाकले. त्यांचे वर्तन चूक होते. तथापि एक गोष्ट त्यांच्या पदरी घातली पाहिजे. त्या उघडपणे म्हणाल्या की मी हे करणार नाही आणि ह्या कारणासाठी करणार नाही. म्हणून त्यांच्याविरुद्ध दावा लावता आला.

आपल्याकडे असे कोणी म्हणत नाही. आपल्याकडची श्रद्धा बोलत नाही, ती कागद मागते. रहिवासाचा पुरावा आणा. भाडेकरार नोंदणीकृत नाही. घरमालकाचे संमतिपत्र लागेल. साहेब दौऱ्यावर आहेत. वरून मार्गदर्शन मागविले आहे. शेवटचे वाक्य तर कचेरीच्या भाषेतले ब्रह्मास्त्रच होय, कारण मार्गदर्शन आले नाही म्हणून कोणालाही जबाबदार धरता येत नाही. चार खेपा झाल्या की अर्जदार स्वतःच येईनासा होतो, आणि दप्तरी नोंद अशी उरते की नकार कोणी दिलाच नाही. केंटकीतील बाईंना तुरुंग भोगावा लागला. येथे त्याच श्रद्धेला नैमित्तिक रजाही खर्च करावी लागत नाही. ह्या पद्धतीत राज्य शासनेही मागे नाहीत. समलिंगी विवाहाच्या खटल्याची सुनावणी चालू असता एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने सर्व राज्यांची मते मागविली. सात राज्यांनी उत्तरे पाठविली. त्यांपैकी राजस्थान, आंध्र प्रदेश आणि आसाम यांनी विरोध नोंदविला. महाराष्ट्राने आणखी वेळ मागितला. फुले-आगरकरांच्या प्रांताने "उद्या या" म्हणावे, हे वाचून अनेकांना आश्चर्य वाटले असेल. कचेरीत नित्य जाणाऱ्यांना वाटले नसेल.

विदर्भातील दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. ३० डिसेंबर २०१७ रोजी यवतमाळच्या एका हॉटेलात दोन पुरुषांचा विवाहसोहळा आप्तमित्रांच्या उपस्थितीत झाला. नोंदणी मागितली नव्हती, शांतताभंग झाला नव्हता. बातमी फुटली आणि जानेवारीत पोलिसांनी चौकशी आरंभिली. त्या वेळी दंडसंहितेचे ३७७ वे कलम समलिंगी संबंधांना लागू होते, त्यामुळे चौकशीला निदान एक आडोसा होता. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरते ते कलम रद्द केले. त्यानंतर २०२१ च्या अखेरीस नागपुरात दोन तरुण स्त्रियांनी घरच्यांच्या साक्षीने परस्परांना अंगठ्या घातल्या. तीही बातमी सर्वत्र छापून आली. चौकशी झाली नाही. चार वर्षांत विदर्भातील पोलिसांची खासगी मते पालटली असे मानण्यास काही आधार नाही. पालटले ते कलम. मत न पालटताही वर्तन पालटू शकते, आणि शासकीय नोकरीत तेवढे पुरते, ही यातील आशेची बाजू.

मात्र कलम पालटण्यापूर्वीच्या काळात नोकरीत असलेल्या माणसांचे काय झाले, हेही आठवावे लागते. सावनेरच्या उत्तरेस थोड्याच अंतरावर मध्य प्रदेशाची सीमा लागते. त्या राज्याच्या पोलीस दलातील दोन महिला शिपायांनी डिसेंबर १९८७ मध्ये गांधर्वपद्धतीने परस्परांशी विवाह केला. पुढच्याच वर्षी भोपाळात त्यांना नोकरीतून काढून टाकण्यात आले. त्या काळी देशभर गाजलेली ही घटना वाचताना खिडकीच्या आतली बाजू दिसते. कचेरीत बसणारा प्रत्येक जण श्रद्धावान विरोधकच असतो असे नाही. कधी अर्जदाराचेच दुःख घेऊन एखादा माणूस खिडकीआड मुकाट बसलेला असतो, आणि शेजाऱ्याच्या थट्टेवर हसण्याचे त्यालाही भाग पडते.

विवाहाच्या बाबतीत अधिकाऱ्याचे मन आणि कायदा यांचा झगडा महाराष्ट्राला नवीन नाही. रखमाबाईंच्या खटल्यात तो पूर्वीच होऊन गेला. बालपणी लग्न झालेल्या ह्या तरुणीने नवऱ्याकडे नांदायला जाण्यास नकार दिला, आणि दादाजी भिकाजीने मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. अशा स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध नवऱ्याच्या स्वाधीन करणे त्यांना रानटीपणाचे वाटत होते, आणि ते त्यांनी निकालात लपविले नाही. हा निकाल अपिलात टिकला नाही. खटला परत आला आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितले की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. आज आपले मन पिन्ह्यांच्या बाजूने धावते. परंतु ह्या गोष्टीतून "अधिकाऱ्याने मनाचे ऐकावे" असा बोध काढणारा मनुष्य फसेल. कारण फॅरन यांच्याही मागे कोणाचे तरी मन होतेच. पिन्ह्यांचे मोठेपण असे की त्यांनी आपले मन कायद्याच्या युक्तिवादात घालून, सही करून, सर्वांच्या डोळ्यांदेखत मांडले. ते चूक ठरवायला वरचे न्यायालय होते, आणि त्या न्यायालयाला चूक ठरवायला कायदेमंडळ होते. १८९१ चा संमतिवयाचा कायदा ह्याच मंथनातून निघाला. तोंडी नकाराचे असे मंथन होऊ शकत नाही.

विवाहनोंदणीच्या कायद्यांचा इतिहासही हेच सांगतो. १८७२ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी विवाह करू इच्छिणाऱ्यांना आपण हिंदू नाही, मुसलमान नाही, अशी धर्म नाकारणारी प्रतिज्ञा करावी लागे. ही अट हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांच्यापुरती १९२३ साली दूर करविली ती डॉ. हरिसिंग गौर यांनी. नागपूरच्या वकिलीत नाव मिळविलेले आणि पुढे नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झालेले हे गृहस्थ. त्याच्याही आधी, १९१९ मध्ये, शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांना कायद्याची मान्यता दिली होती. १९५४ च्या कायद्याने धर्माची अट सर्वांसाठी गेली. राहिली ती तीस दिवसांची नोटीस. तिची प्रत विवाह अधिकाऱ्याने कचेरीत ठळक जागी लावायची, कोणाची हरकत आली तर चौकशी करायची. आता गंमत पाहावी. नोटीस न लावता किंवा तीस दिवसांच्या आत लग्न लावून देणाऱ्या विवाह अधिकाऱ्याला ह्या कायद्याच्या ४६ व्या कलमान्वये एक वर्षापर्यंत कैद आहे. अकारण लग्न न लावून देणाऱ्याला त्या कायद्यात तशी शिक्षा नाही. जोडप्याने जिल्हा न्यायालयात अपिलात जावे, इतकेच. घाईला तुरुंग आणि दिरंगाईला अपील, अशी ही विषम तराजू सत्तर वर्षे हालत आहे. नोटिशीच्या फलकापुढे उभे राहून मुलीच्या बापाला दूरध्वनी करणारा शिपाई कोणता नियम मोडतो, हे सांगणे कठीण. कोणती श्रद्धा पाळतो, हे मात्र सर्वांना ठाऊक असते.

डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनाने मंत्री मंगलप्रभात लोढा यांच्या अध्यक्षतेखाली आंतरधर्मीय विवाहांची माहिती गोळा करणारी समिती नेमली. प्रथम तिच्या नावात आंतरजातीय विवाहही होते. ओरड होताच दोन दिवसांत ते वगळण्यात आले. आंतरजातीय जोडप्याला अर्थसाहाय्य देणारे शासन आणि त्याच जोडप्याची यादी करू पाहणारे शासन एकच, हे कोणाच्या तरी लक्षात आले असावे. सज्ञान नागरिकाने कोणाशी संसार करावा यावर वरिष्ठांचीच नजर आहे, असे एकदा कनिष्ठ कर्मचाऱ्याला कळले की त्याच्या मनातील नाराजीला शासकीय मान्यता मिळाल्यासारखे होते, आणि आपल्या टेबलावर थांबलेला कागद हे शासनाचेच धोरण आहे, असे तो स्वतःला समजावू लागतो.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हे विवेचन एकांगी होईल. १२ फेब्रुवारी २००४ रोजी सॅन फ्रान्सिस्कोचे महापौर गॅव्हिन न्यूसम यांनी, राज्याचा कायदा परवानगी देत नसताना, समलिंगी जोडप्यांना विवाह परवाने देण्यास आरंभ केला. महिन्याभरात सुमारे चार हजार जोडप्यांची लग्ने लागली. १२ ऑगस्ट रोजी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती सर्व निरर्थक ठरविली : कायदा घटनाबाह्य आहे काय हे ठरविणे महापौराचे काम नव्हे. ज्यांनी आनंदाश्रूंनी परवाने घेतले होते त्यांच्या हातात रद्दी उरली. सहानुभूतीने केलेला नियमभंग सहानुभूतीच्या पात्रांनाच प्रथम महागात पडतो. तेव्हा नागपूर जिल्ह्यातील एखाद्या नगरपरिषदेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या निबंधकाला कितीही कळवळा आला, तरी १९९८ च्या महाराष्ट्राच्या विवाहनोंदणी कायद्याखाली दोन स्त्रियांचा विवाह नोंदवून देणे हे त्याच्या अधिकारात नाही. तो फार तर त्यांना बसायला खुर्ची देऊ शकतो आणि नकाराचे कारण लेखी देऊ शकतो. तीही लहान गोष्ट नव्हे.

कोणी म्हणेल, ज्याच्या श्रद्धेला काम खटकते त्याला त्या कामातून सूट का देऊ नये? हा प्रश्न सभ्य आहे आणि त्याला सभ्य उत्तर दिले पाहिजे. लंडनच्या इझलिंग्टन भागातील लिलियन लाडेल ह्या निबंधक बाईंनी हीच सूट मागितली होती. त्या नोकरीला लागल्या तेव्हा समलिंगी जोडप्यांच्या नोंदणीचा कायदाच नव्हता; तो नंतर आला. म्हणजे नोकरी पत्करताना हे काम पदरात नव्हते, ही त्यांची बाजू बळकट होती. तरीही ब्रिटिश न्यायालयांनी आणि १५ जानेवारी २०१३ रोजी युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने निकाल त्यांच्या विरुद्ध दिला. दक्षिण आफ्रिकेने उलट प्रयोग केला. २००६ साली समलिंगी विवाहास मान्यता देणाऱ्या कायद्यातच त्यांनी एक कलम घातले की सद्सद्विवेकबुद्धीला पटत नसेल तर विवाह अधिकाऱ्याने तसे लेखी कळवावे आणि असे विवाह लावू नयेत. फळ असे निघाले की सरकारी विवाह अधिकाऱ्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिकांनी सूट घेतली, आणि कित्येक ठिकाणच्या कचेरीत लग्न लावून देणारा कोणी उरलाच नाही. २०२० मध्ये ते कलम रद्द करावे लागले.

याचे कारण अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात आहे. बाजारात एक दुकानदार माल देईना तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते. शासकीय शिक्का हा मात्र पूर्ण मक्तेदारीचा माल आहे. तो दुसऱ्या दुकानात मिळत नाही आणि चोरबाजारात मिळाला तर तुरुंग. मुंबईसारख्या शहरात एका टेबलावरचे काम चुपचाप दुसऱ्या टेबलावर गेले, तर अर्जदाराला कळणारही नाही. अशी अंतर्गत सोय वरिष्ठाने कोणाचा बोभाटा न करता केली, तर त्यात कोणाचे नुकसान नाही. परंतु तालुक्याच्या गावी पुरवठ्याच्या कामाचे टेबल एक, आणि खेड्यात तर ग्रामसेवक एकच. त्याची सूट म्हणजे संपूर्ण गावाला बंदी. सावनेरहून नागपूर सुमारे चाळीस किलोमीटर. एका खेपेला जाण्यायेण्याचे भाडे आणि बुडालेली रोजी. श्रद्धा एकाची आणि तिचा खर्च दुसऱ्याच्या खिशातून, तोही रोजंदारीवरच्या खिशातून. सुस्थितीतील जोडप्याला वकील मिळतो. भेटीवरील आयकरात पतिपत्नींना जी सूट आहे ती आपल्यालाही मिळावी, म्हणून अशाच एका जोडप्याने २०२५ साली मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली आहे. पन्नास हजारांवरच्या भेटींचा प्रश्न उच्च न्यायालयात पोहोचतो. पाच किलो धान्याचा प्रश्न खिडकीवरच मिटतो किंवा मरतो.

उपाय नव्याने शोधायला नकोत. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली झाला. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत द्यायची, अथवा ती नाकारल्याची कारणे लेखी कळवायची, असे तो सांगतो. त्यावर तीन अपिले आहेत, आणि कसूर करणाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड आहे. त्याच्या दहा वर्षे आधीचा, बदल्या आणि दफ्तरदिरंगाईविषयीचा २००५ चा कायदा म्हणतो की कोणतीही नस्ती कोणत्याही टेबलावर सात कामाच्या दिवसांपेक्षा अधिक थांबू नये. हे दोन्ही कायदे श्रद्धेविषयी अवाक्षर काढीत नाहीत, आणि म्हणूनच ते उपयोगी आहेत. "मला हे पटत नाही" असे कारण लेखी देण्यास कोणताही कारकून धजणार नाही. लेखणी हातात घेतली की त्याला नियम शोधावा लागेल, आणि नियम सापडला नाही की शिधापत्रिका द्यावी लागेल. मात्र त्यासाठी अर्ज आवक नोंदवहीत चढला पाहिजे आणि पोचपावती मिळाली पाहिजे. सगळी लढाई त्या पावतीपाशी आहे. तोंडी नकाराला तारीख नसते.

ज्यांना वाटते की मन आणि काम वेगळे ठेवणे ही केवळ सांगण्याची गोष्ट आहे, त्यांनी मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांचे उदाहरण पाहावे. २०२१ मध्ये त्यांच्यापुढे दोन तरुणी आल्या. आईवडिलांनी त्या हरविल्याची तक्रार केली होती आणि पोलीस मागावर होते. ह्या विषयाची आपल्याला नीट जाण नाही आणि आपल्या मनात पूर्वग्रह आहेत, हे न्यायमूर्तींनी मोकळेपणे मान्य केले. निकाल देण्यापूर्वी त्यांनी स्वतः मानसशास्त्रज्ञांकडे जाऊन विषय समजावून घेतला, आणि ७ जून २०२१ रोजी पोलिसांना व शासनाला विस्तृत आदेश दिले. पुढच्या वर्षी तामिळनाडूने पोलिसांच्या वर्तणूक नियमांतच अशा व्यक्तींचा छळ करण्यास मनाई करणारे कलम घातले. एका अधिकाऱ्याच्या प्रामाणिक कबुलीतून नियम जन्माला आला. महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम १९७९ चे आहेत. कर्तव्यपरायणता आणि सचोटी हे शब्द त्यांत आहेत, आणि त्या शब्दांत हेही येते असे कोणी परिपत्रकाने एकदा स्पष्ट केले, तर कचेऱ्यांतील अनेक भल्या माणसांचीच सोय होईल. त्यांना घरी जाऊन सांगता येईल की आदेश होता.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या निकालातील बहुमतानेही, विवाह नाकारताना, अशी जोडपी एकत्र राहत असतील तर त्यांना बळजबरी किंवा हिंसा यांपासून राज्याने वाचविले पाहिजे, असे म्हटले आहे. मे २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आणखी एका पीठाने, कुटुंब स्थापण्याचा विवाह हाच एक मार्ग नव्हे, असे सांगितले आणि सज्ञान मुलीला तिच्या इच्छेविरुद्ध आईबापांच्या हवाली करणाऱ्या पोलिसांना धारेवर धरले. निकाल असे एकेक पाऊल पुढे जात आहेत. छापील नमुने मात्र जुनेच आहेत.

कारण शिधापत्रिकेच्या अर्जात "कुटुंबप्रमुखाशी नाते" असा एक रकाना असतो. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे घरातील अठरा वर्षांवरील सर्वांत वडील स्त्री ही कुटुंबप्रमुख; स्त्री नसेल तर सर्वांत वडील पुरुष. तेव्हा आरंभी कल्पिलेल्या त्या दोन स्त्रियांपैकी प्रमुख कोण, हे जन्मतारखेवरून ताबडतोब ठरते. तेथे कायद्याला कसलीही शंका नाही. दुसरीच्या नावापुढे काय लिहायचे? पत्नी लिहिता येत नाही. बहीण लिहिले तर ते खोटे, आणि खोटी माहिती दिल्याबद्दल अर्जाखाली सही असते. मैत्रीण हे नाते यादीत नाही. "इतर" लिहिले तर तपासणीच्या वेळी कोणी विचारील, इतर म्हणजे कोण? केंद्राच्या पत्राने दोघींना एका कुटुंबात बसविले आहे. मराठी नमुन्याने त्यांच्यासाठी अजून शब्द छापलेला नाही. रांग खोळंबलेली आहे, मागचा वृद्ध बसची वेळ विचारतो आहे, आणि कारकुनाची लेखणी त्या एका रकान्यावर टेकलेली आहे.